मेंढीकोटातली मेंढी आणि ब्लॅकजॅकची मोजणी

बालाघाटी

आमचं गाव औसा तालुक्यात. श्रावणात झड लागली की शेतात पाय ठेवता येत नाही, मग मारुतीच्या पारावर मेंढीकोटाचे डाव बसायचे. माझा आज्जा चौथी शिकलेला. त्याचा एक डाव मला अजून पानापानाने आठवतो. नऊ हात झाले होते, प्रत्येकाकडे चार-चार पानं उरलेली. इस्पिकची मेंढी (दश्शीला आमच्याकडे मेंढीच म्हणतात, आणि तीच जिंकायची असते) अजून पडली नव्हती. आज्जाच्या हातात इस्पिकचा एक्का आणि राजा. इस्पिकची नऊ पानं गेलेली, दोन त्याच्याकडे, म्हणजे बाहेर दोनच: मेंढी आणि सत्ती. डावीकडच्याने आणि भिडूने इस्पिक मागितल्यावर आधीच दुसरा रंग टाकला होता, म्हणजे ती दोन्ही उजवीकडच्याच्या हातात. हुकमाची तेराच्या तेरा पानं संपलेली. आज्जाने एक्का टाकला, सत्ती पडली. राजा टाकला, मेंढी पडली. घरी येताना मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाला, "गेलेलं पान परत येतंय का? मग उरलेलं जातंय कुठं?"

पंचवीस वर्षं लातुरात गणित शिकवतोय, संभाव्यता शिकवताना याहून चांगलं वाक्य मला सापडलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजतात म्हणजे सहा-सहा कॅट पाठ ठेवतात का?" त्याला फोनवर सांगितलं ते इथे नीट मांडतो, कारण या विषयावर मराठीत चुकीचंच फार फिरतंय.

कॅसिनोतला हा खेळ थोडक्यात असा. तुम्ही विरुद्ध डीलर, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणारा. २१ च्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. राजा, राणी, गुलाम, दश्शी सगळे १०. एक्का १ किंवा ११. डीलरचं एक पान उघडं असतं. तुम्ही पान घ्यायचं की थांबायचं हे तुमच्या हातात, डीलरच्या हातात काहीच नाही: १६ किंवा कमी असेल तर त्याने पान घ्यायचंच, १७ झाले की थांबायचंच. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं तर ते ब्लॅकजॅक, त्याला शंभरावर दीडशे मिळतात.

पाठ काहीच ठेवायचं नसतं. एकच आकडा डोक्यात चालू ठेवायचा. दुर्रीपासून छक्कीपर्यंत पान दिसलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. दहाचं पान किंवा एक्का दिसला की उणे एक. याला हाय-लो म्हणतात. समजा टेबलावर ओळीने पंजी, राजा, तिर्री, छक्की, चौव्वी, नव्वी, एक्का, दुर्री पडली. मनातला आकडा असा चालतो: १, ०, १, २, ३, ३, २, ३. झालं, अधिक तीन. एका कॅटात अधिकची वीस पानं, उणेची वीस, शून्याची बारा. म्हणून पूर्ण कॅट मोजला की शेवटी शून्यच यायला पाहिजे.

हा झाला रनिंग काउंट. कॅसिनोत बहुधा सहा-आठ कॅट एकत्र पिसून खेळतात, म्हणून त्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं, म्हणजे ट्रू काउंट. अधिक आठ आले आणि चार कॅट बाकी असतील तर दोन. तेच अधिक आठ आणि दोनच कॅट बाकी असतील तर चार. चहात चमचाभर साखर कपात पडली की पातेल्यात, इतका फरक आहे. नवखा माणूस इथेच चुकतो. सहा कॅटांच्या सुरुवातीलाच अधिक सहा आले की त्याला वाटतं आता पानं आपली. ट्रू काउंट असतो जेमतेम एक.

पुढे कोणत्या आकड्यावर खेळ कसा बदलायचा, ते प्रश्न आले की लिहितो.

गोदाकाठ

सर, नांदेडहून वाचायलो. एक मूळ शंका. लहान पानं गेली की आपल्याला अधिक का? मोठी पानं उरली तर ती डीलरलाही तेवढीच येणार की. दोघांचा फायदा सारखाच व्हायला पाहिजे.

बालाघाटी

शंका अगदी मुळावर आहे, भाऊ. पानं दोघांना सारखीच येतात, पण हक्क दोघांना सारखे नाहीत.

एक: ब्लॅकजॅक दोघांनाही तितक्याच वेळा लागतो. पण तुम्हाला लागला की दीडपट मिळते, डीलरला लागला तर तुमचे फक्त तेवढेच जातात. दोन: तुमचे १५ असतील तर तुम्ही थांबू शकता. डीलरला १५ वर पान घ्यावंच लागतं, आणि उरलेल्यात दहाची पानं दाटली असतील तर तो २१ ओलांडून फुटतो. तीन: तुमच्याकडे १० किंवा ११ असतील तर रक्कम दुप्पट करता येते, तेव्हा मोठंच पान हवं असतं. डीलरला डबल नाही.

आता पंजीच बघा. डीलरचे १६ आणि वरून पंजी आली की बरोबर २१. १५ वर आली तर २०. डीलरचा बुडणारा हात तारणारं याहून भारी पान कॅटात नाही. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीत असताना आयबीएम ७०४ या संगणकावर हा हिशोब मांडला होता. एका कॅटातून चारही पंज्या गेल्या की खेळणाऱ्याची बाजू, म्हणजे पैजेवरचा सरासरी फायदा, तीन टक्क्यांहून वर जाते, हे त्यात निघालं. १९६२ साली त्याचं पुस्तक आलं, आणि त्याची पहिली पद्धत फक्त पंज्या मोजायचीच होती. हाय-लो हार्वे डबनरने १९६३ मध्ये मांडली.

थॉर्पच्याही आधी चार जणांनी हे काम केलं होतं, त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट, अमेरिकी लष्करात नोकरीला असलेली तरुण पोरं. साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून कोणत्या हाताला काय करावं याचा तक्ता त्यांनी काढला आणि १९५६ साली अमेरिकेच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. आज ज्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात ती हीच. मोजणी त्यानंतरची पायरी. तक्ता पाठ नसताना मोजणी म्हणजे नांगरटीआधी पेरणी.

माजलगावची_मुक्ता

नमस्कार सर. मी संख्याशास्त्रात एमएस्सी केलंय, सध्या अंबाजोगाईला शिकवते. इन्शुरन्सचा हिशोब मी लिहू का? मोजणीने निर्णय कसा उलटतो हे त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

डीलरचं उघडं पान एक्का असेल तर तो विचारतो, इन्शुरन्स घेता का? म्हणजे त्याचं झाकलेलं पान दहाचं आहे यावर वेगळी पैज. जिंकली तर दुप्पट. म्हणजे उरलेल्या पानांत दहाची पानं एक-तृतीयांशाहून जास्त असतील तरच घेण्यात अर्थ.

एकच कॅट धरू. फक्त तो एक्का माहीत आहे, तर उरली ५१ पानं, त्यात दहाची १६. शंभराची पैज ५१ वेळा लावली तर १६ वेळा दोनशे म्हणजे ३२०० येणार, ३५ वेळा शंभर म्हणजे ३५०० जाणार. तोटा ३००, दर पैजेला सहाच्या आसपास रुपये.

आता टेबलावर तिघे आहेत आणि सगळ्यांची पानं उघडी आहेत. पंजी-छक्की, चौव्वी-तिर्री, दुर्री-छक्की. दहाचं एकही नाही. एक्का धरून सात पानं गेली, उरली ४५, त्यात १६ दहाची. ३२०० येणार, २९०० जाणार. तीच पैज, त्याच शंभराला आता साधारण साडेसहा रुपये फायदा.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या हातात राजा-राणी, म्हणजे २०. लोक म्हणतात, इतका चांगला हात आहे, विमा काढून ठेवा. पण दहाची दोन पानं तर तुमच्याच हातात अडकलीत! उरल्या ४९ त १४. येणार २८००, जाणार ३५००. दर शंभराला चौदा रुपये तोटा. चांगल्या हाताला वाचवायचं म्हणून माणूस नेमकी सगळ्यात वाईट पैज लावतो. हा खरं तर विमा नाहीच. तुमच्या हाताशी त्याचा संबंध नाही, फक्त झाकलेल्या पानाशी आहे.

सहा कॅटांच्या खेळात हा उंबरठा ट्रू काउंट अधिक तीनला येतो.

बालाघाटी

मुक्ताताई, हे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे.

बाकीचे उंबरठेही असेच. १६ विरुद्ध डीलरचे १० हा सगळ्यात नकोसा हात. घ्या किंवा थांबा, शंभरामागे सरासरी ५४ रुपये जाणारच. दोन्ही वाटा इतक्या जवळजवळ आहेत की काउंट शून्याच्या वर सरकला की थांबायचं, खाली गेला की घ्यायचं. त्यातही तुमचे १६ तीन-चार पानांचे असतील आणि त्यात चौव्वी किंवा पंजी असेल तर न मोजताही थांबावं, कारण तुम्हाला हवी होती तीच पानं तुमच्या हातात आलेली आहेत. १५ विरुद्ध १० असेल तर अधिक चार झाल्यावरच थांबायचं.

१२ विरुद्ध डीलरची तिर्री: तक्ता म्हणतो घ्या, काउंट अधिक दोन झाला की थांबा. दुर्री असेल तर अधिक तीनला. उलटंही आहे. १३ विरुद्ध दुर्रीला तक्ता थांबायला सांगतो, पण काउंट उणे एकच्याही खाली गेला तर पान घ्यायचं, कारण आता मोठी पानं संपत आलीत, फुटायची भीती कमी. ९ विरुद्ध सत्तीला अधिक तीनवर डबल, १० विरुद्ध १० ला अधिक चारवर डबल.

ब्लॅकजॅकवर लिहिणाऱ्या डॉन श्लेसिंजरने अशा शेकडो बदलांतून अठरा निवडून दाखवले. त्या अठरांतही इन्शुरन्स, १६ विरुद्ध १० आणि १५ विरुद्ध १० या तिघांतच निम्म्याहून जास्त फायदा आहे. म्हणून पोरांनो, दोनशे आकडे घोकत बसू नका. आणि हेही नीट समजून घ्या: सहा-आठ कॅटांच्या खेळात खरी कमाई पान घेण्या-न घेण्यात नसून पैज लहान-मोठी करण्यात असते. ट्रू काउंट एकाने वाढला की तुमची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. तक्त्याप्रमाणे खेळून सुरुवातीला तुम्ही अर्धा टक्का मागे असता. म्हणजे अधिक एकला बरोबरी, त्यापुढे तुमची बाजू.

सेलूचा_शेतकरी

सर, मी आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट लिहायलो. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एका अ‍ॅपवर हे खेळायलो होतो. व्हिडिओ बघून हीच अधिक-उणेची मोजणी शिकलो होतो. वहीत लिहून ठेवायचो. काउंट अधिक सहा, सात झाला की मोठी रक्कम टाकायचो. सोयाबीनचे आलेले पैसे दीड महिन्यात गेले. बायकोला वाटलं बी-बियाण्याची उधारी फेडली. मोजणी तर बरोबर होती सर, मग चुकलं कुठं?

बालाघाटी

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. मोजणीत तुमची चूक नव्हती. मोजायला तिथे काही नव्हतंच.

आज्जाचं वाक्य परत वाचा. गेलेलं पान परत येत नाही, म्हणून उरलेल्याचा अंदाज लागतो. संगणकाने चालवलेल्या अशा खेळात साधारणपणे प्रत्येक हातानंतर पूर्ण कॅट नव्याने पिसला जातो. आत्ता पडलेल्या पंज्या-छक्क्या पुढच्या हातात सगळ्या परत हजर. तुमच्या वहीतला अधिक सात हा मागच्या हातांचा इतिहास होता, पुढच्या हाताशी त्याचं नातंच नव्हतं. कॅसिनोतही सतत पिसणारी यंत्रं असतात, वापरलेली पानं लगेच पोटात घेतात. तिथेही मोजणी मेली.

मोजणी शिकवणाऱ्या व्हिडिओत हे पहिल्या वाक्यात सांगायला पाहिजे. सांगत नाहीत, याचा मला संताप आहे. म्हणूनच हा धागा काढला.

कोर्टकचेरी_जालना

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. कॅसिनोसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करायचं ठरलं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. सेलूच्या दादांनी जे अ‍ॅप वापरलं तसलं आज कोणी पुढे केलं तर सरळ नाही म्हणा.

धाग्याशी जुळणारी आणखी एक गोष्ट. १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्तीला नशिबाचा. रमीत पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, हे त्यात एक कारण दिलं होतं. म्हणजे सरांचे आजोबा पारावर जे करत होते तेच.

उदगीर_ते_पणजी

मी उदगीरचा. पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर सहा वर्षं डीलर होतो, आता गावाकडे परत आलोय. टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

सहा कॅट पिसून झाले की खेळणाऱ्याकडून एक रंगीत कार्ड मध्ये घालून घेतात. मग ते कुठे बसवायचं हे आमच्या हातात. ते कार्ड आलं की तो खेळ संपला, पुन्हा पिसायचं. शेवटून एक कॅट सोडून लावलं तर मोजणाऱ्याला चांगला काळ मिळतो. दोन-अडीच कॅट सोडून लावलं तर काउंट तापायच्या आतच खेळ मोडतो. मोजणाऱ्याला हरवायला बाकी काही लागत नाही. लोक टेबलाची सजावट बघतात, ते कार्ड कुणी बघत नाही.

दुसरं, ब्लॅकजॅकला किती देतात ते टेबलावरच लिहिलेलं असतं. ३ ला २ की ६ ला ५. शंभरावर दीडशेऐवजी एकशेवीस. लोकांना वाटतं तीस रुपयांनी काय होतंय.

आणि मोजणारा ओळखू येतो. तासभर सगळ्यात छोटी पैज लावणारा माणूस एकदम दहापट लावतो, त्याच हाताला इन्शुरन्स घेतो, १६ वर थांबतो, आणि पिसल्यावर परत छोट्या पैजेवर. वरच्या कॅमेऱ्यात हे सगळं दिसतं. राजा-राणीची जोडी फोडली, म्हणजे त्यांचे दोन वेगळे हात केले, की सुपरवायझर लगेच येऊन उभा राहतो.

माजलगावची_मुक्ता

तीस रुपयांचा हिशोब लगेच होतो. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा लागतो. २१ हातांत शंभरच्या पैजेने लावले २१००, त्यात तीस कमी मिळाले. सुमारे १.४ टक्के. मोजणी करून, डोकं शिणवून माणूस मिळवतो एक टक्क्याच्या आसपास. एका छापील ओळीत ते सगळं जातं.

आणि तो एक टक्का हातात पडायला किती काळ लागतो तेही बघा. दर हाताला शंभर रुपये, एक टक्का बाजू तुमची. शंभर हातांनंतर अपेक्षित फायदा १०० रुपये, पण चढउतार साधारण ११५० रुपयांचा. तो शंभर दिसणारच नाही. दहा हजार हातांनंतर अपेक्षित फायदा १०,००० आणि चढउतार ११,५०० च्या आसपास. तासाला ७० हात धरले तर हे १४० तासांहून जास्त खेळणं. इतकं अचूक खेळूनही पाचातला एक जण तोट्यातच उठेल. म्हणून दोन रात्री जिंकून आलेला कोणी "मला जमलं" म्हणाला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हरून आलेल्याचंही तसंच.

गोदाकाठ

मग आपले खेळ? तीन पत्ती, मांगपत्ता, यात मोजून काही हाती लागतं का?

बालाघाटी

मांगपत्ता, म्हणजे अंदर-बाहर. मधलं पान ठरल्यावर त्याची तीन जोडीदार पानं उरलेल्या ५१ त असतात, आणि ज्या बाजूला पहिलं पान पडतं तिची शक्यता साडे-एक्कावन्न टक्के असते. एवढंच. दर डावाला पिसलं तर मोजायला काही नाही. तीन पत्तीत समोरच्याचा चेहरा आणि चाल वाचायची, पानं फारशी दिसतच नाहीत. बॅकरा हा कॅसिनोतला आणखी एक पत्त्यांचा खेळ, तो थॉर्पने नंतर तपासून पाहिला, मोजून हाती फारसं लागत नाही असंच निघालं.

पण आपल्या पारावरचं पिसणं हा वेगळा मुद्दा आहे आणि मला तो फार आवडतो. १९९२ मध्ये बायर आणि डायकोनिस यांनी दाखवलं की कॅटाचे दोन भाग करून फर्रर करत एकमेकांत मिसळले, तर सातेक वेळा मिसळल्यावर पानं चांगली विस्कळीत होतात. आपण पिसतो ते हातावरून थोडी थोडी पानं सोडून. त्या पद्धतीला हजारो वेळा पिसावं लागतं. मेंढीकोटात एकेका हाताची चार पानं एका रंगाची गोळा होतात, आपण दहा वेळा पिसतो आणि वाटतो. गठ्ठे तसेच राहतात. मागच्या डावात एकापाठोपाठ गेलेली पानं पुढच्या डावातही पुष्कळदा शेजारीशेजारी असतात. आज्जाला हे ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. पण वाटणारा गडी आळसाने पिसतोय असं दिसलं की तो "अजून पिस" म्हणायचा.

सेलूचा_शेतकरी

सर, मी आता पैशाने खेळत नाही. पण मोजणी आवडली होती ती आवडलीच. घरी नुसती करून बघायची तर कशी करावी?

बालाघाटी

करा दादा, आवर्जून करा. एक कॅट घ्या, जोकर काढा. न बघता एक पान उशाखाली ठेवा. बाकीची ५१ एकेक उलटत मोजा. शेवटी शून्य आलं तर उशाखाली सत्ती, अठ्ठी किंवा नव्वी. उणे एक आलं तर लहान पान. अधिक एक आलं तर दहाचं किंवा एक्का. पहिल्यांदा दोन मिनिटं लागतील. रोज बसलात तर अर्ध्या मिनिटात यायला लागेल. मग दोन-दोन पानं एकदम उलटा: राजा आणि पंजी एकत्र दिसली की मोजायचीच नाहीत, ती एकमेकांना खातात.

सेलूचा_शेतकरी

चार दिवस झाले. पोरगी सातवीला आहे, तिलाही शिकवलं. काल लाइट गेली होती, बॅटरीच्या उजेडात दोघं बसलो. तिने मोजलं, सव्वा मिनिट लागलं. अधिक एक म्हणाली. उशी उचलली तर किलवरचा राजा. आता बायको म्हणायलीय, मलाही शिकवा.

गोदाकाठ

दादा, दोन-दोन पानांचं जमलं का तिला? माझं अजून चुकायलंय, दुर्री आणि गुलाम एकदम आले की हात थांबतो.

सेलूचा_शेतकरी

तिला जमायलंय. मला नाही अजून. ती म्हणते, पानं वाचू नका पप्पा, नुसती लहान की मोठी तेवढं बघा.